पांढरीच्या पोटात काय दडलंय?



आमच्या शाळेत परिपाठाला रोज एक जण वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून दाखवतो. परवा पाचवीतल्या एका मुलीची पाळी होती. कुठल्याशा विद्यापीठात कसलंसं संशोधन झाल्याची बातमी तिनं अडखळत, पण नेटानं वाचली. वाचून झाल्यावर कागदाची घडी घातली आणि जागेवर न जाता मलाच विचारलं, "बाई, संशोधन म्हणजे नक्की काय करतात हो?"

मी तोंड उघडायच्या आत वर्गातून उत्तरं सुरू झाली. "पांढरा कोट घालतात!" "नळीतून धूर काढतात!" "रॉकेट सोडतात!"

मी विचारलं, "बरं, आणि इतिहासाचं संशोधन?"

वर्ग चिडीचूप. मग शेवटच्या बाकावरून एक आवाज आला, "इतिहासात कसलं आलंय संशोधन, बाई? तो तर होऊन गेलेला असतो!"

सगळे खो खो हसले. मीही हसले. पण घरी गेल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. खरंच, जे होऊन गेलं त्यात शोधायचं काय? आजची आपली 'शोधाशोध' त्या शेवटच्या बाकासाठी.

काळी आणि पांढरी

तुमच्या आजोबांना विचारा, गावाची जमीन किती प्रकारची? ते सांगतील, दोन प्रकारची. एक काळी आणि एक पांढरी. काळी म्हणजे शेतीची जमीन, आणि पांढरी म्हणजे जिथे गाव वसतं ती. चुलीची राख, पडलेल्या भिंती, शेण, केरकचरा असं सगळं वर्षानुवर्षं एकावर एक साचत जातं आणि तिथली माती राखट, पांढुरकी होते. आमच्या येवल्याकडच्या खेड्यांत अजून कुठे कुठे धाब्याची घरं आहेत. पावसाळ्याआधी धाब्यावर टाकायला लोक अशीच पांढरी माती आणायचे. कधी कधी ती गावाबाहेरच्या एखाद्या टेकाडावरून यायची, आणि मातीबरोबर रंगीत खापराचे तुकडेही यायचे. लोक ते बाजूला फेकून द्यायचे.

आता नीट विचार करा. गावाबाहेर कुणीच राहत नाही, मग तिथे पांढरी माती आली कुठून? आणि खापरं कुणाची?

याचा अर्थ तिथे कधीतरी गाव होतं! ज्यांना पाटीवर एक अक्षरही लिहिता येत नव्हतं, अशा माणसांचं गाव. त्यांचा इतिहास कुठल्याच पुस्तकात नाही. तो त्या पांढरीच्या पोटात आहे.

असं एक टेकाड संगमनेर तालुक्यात प्रवरा नदीच्या काठी जोर्वे गावात होतं, आणि दुसरं आपल्या नाशिकला गोदावरीच्या काठी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ साली या दोन्ही ठिकाणी उत्खनन केलं. जोर्व्याला तांबडी, काळ्या रेघांनी रंगवलेली सुरेख मडकी मिळाली. तशीच मडकी पुढे महाराष्ट्रात ठिकठिकाणी सापडत गेली. म्हणून त्या सगळ्या लोकांच्या संस्कृतीला नाव पडलं 'जोर्वे संस्कृती'. एका छोट्या खेड्याचं नाव असं जगभरच्या पुस्तकांत जाऊन बसलं!

हे डेक्कन कॉलेज म्हणजे आपण बारावीनंतर जातो तसलं कॉलेज नव्हे बरं का. पुण्यात येरवड्याला असलेली ही संशोधन करणारी संस्था आहे. १९९० पासून तिला विद्यापीठाचा दर्जा आहे.

एका गावासाठी पंधरा वर्षं

आता आपण जाऊ पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला. घोड नदीच्या काठी तिथे पांढरीची टेकाडं होती. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ साली तिथे खोदायला सुरुवात केली आणि काम थांबवलं १९८३ साली! डॉ. सांकलिया, डॉ. मधुकर केशव ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी हे या कामातले प्रमुख. त्याचा मोठा अहवाल छापून झाला १९८८ साली. म्हणजे पहिली कुदळ पडली तेव्हा जन्मलेलं मूल अहवाल येईपर्यंत वीस वर्षांचं झालं.

एवढा वेळ का लागला? कारण ही मंडळी विहीर खोदतात तशी भराभर खोदत नाहीत. खुरपी, ब्रश आणि चाळणी घेऊन बोट-बोटभर माती काढतात. कोणती वस्तू कोणत्या थरात, कोणत्या जागी सापडली ते लिहितात, तिचं चित्र काढतात, फोटो घेतात, चिठ्ठी बांधतात. खालचा थर जुना, वरचा नवा. एकदा का थर मिसळले की मग आजोबा कोण आणि नातू कोण, हे ओळखता येत नाही.

आणि हे काम एकट्या इतिहासवाल्यांचं नव्हतं. इथेच खरी गंमत आहे.

चुलीतल्या कोळशाचा तुकडा भौतिकशास्त्रज्ञांकडे गेला. झाड जिवंत असतं तेव्हा ते हवेतून एका विशेष प्रकारचा कार्बन घेतं. झाड मेलं की तो कार्बन हळूहळू घटायला लागतो. साधारण ५७३० वर्षांत तो निम्मा होतो. किती उरलाय ते मोजलं की लाकूड केव्हाचं ते कळतं. इनामगावची वस्ती अशी मोजली गेली: साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते इसवी सनापूर्वी ७००. म्हणजे आजपासून छत्तीसशे ते सत्तावीसशे वर्षांपूर्वीची.

जळालेले दाणे वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांकडे गेले. जनावरांची हाडं प्राणिशास्त्रवाल्यांकडे. नदीकाठचे मातीचे थर भूगर्भशास्त्रवाल्यांकडे. माणसांचे सांगाडे आणि दात मानवशास्त्रवाल्यांकडे. मडक्यांवरची नक्षी कलेच्या अभ्यासकांनी पाहिली. गोष्टीतल्या आंधळ्यांसारखी प्रत्येकाच्या हाती हत्तीची एकच बाजू लागली होती. पण हे आंधळे भांडले नाहीत. एकत्र बसले आणि आपापलं सांगू लागले, तेव्हा हत्ती दिसला!

मग काय दिसलं?

एक गजबजलेलं खेडं दिसलं. तिथे शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. भरभराटीच्या काळातली घरं चौकोनी, ऐसपैस, आत चूल, धान्य साठवायची सोय. एक घर चांगलं पाच खोल्यांचं आणि त्याच्या शेजारी धान्याचं कोठार. ते गावच्या प्रमुखाचं असावं, असा अंदाज केला गेला. लोक सातू, गहू, मसूर, वाटाणा पिकवायचे आणि हुलगेसुद्धा. म्हणजे आपण हिवाळ्यात हुलग्याचं गरमागरम माडगं पितो ना, तो हुलगा तीन हजार वर्षांपूर्वी त्यांच्याही घरात होता!

त्यांच्याकडे तांबं होतं, पण थोडं. म्हणून बरीच कामं ते दगडाच्या धारदार पात्यांनी करायचे. या काळाला ताम्रपाषाणयुग म्हणतात ते यामुळे. तांबं आणि पाषाण, दोन्ही वापरणाऱ्यांचं युग. एका मडक्यावर कुणीतरी बैलगाडीचं चित्र कोरून ठेवलं होतं. एका छोट्या मातीच्या पेटीत बाईची मातीची मूर्ती झाकून ठेवलेली सापडली आणि तिच्यासोबत मातीचा बैल.

आणि पाणी! नदीच्या पुराचं पाणी शेताकडे वळवायला त्यांनी सुमारे दोनशे मीटर लांब आणि चार मीटर रुंद चर खणला होता, शेजारी दगडमातीचा बांध घातला होता. यंत्र नाही, लोखंडाची कुदळ नाही. एका घराचं हे काम नव्हे. सगळं गाव एक झालं असणार, तेव्हाच ते झालं.

हे सांगत होते तोवर वर्गात गडबड चालू होती. पण पुढची गोष्ट सांगितली आणि वर्ग शांत झाला.

घरांच्या जमिनीखाली मडक्यांच्या जोड्या सापडल्या. दोन मोठी मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली. आत लहान मुलांची हाडं होती. त्या काळी बाळं फार दगावत. ती लोकं आपल्या गेलेल्या बाळाला गावाबाहेर नेत नसत. आपल्याच घरात, आपण वावरतो त्या जमिनीखाली ठेवत. का? ते लिहून ठेवायला कुणाला अक्षर येत नव्हतं. पण एक मुलगी हळूच म्हणाली, "त्याला एकट्याला भीती वाटू नये म्हणून असेल, बाई."

तिचं बरोबर की चूक हे मी सांगू शकले नाही. पण तीन हजार वर्षांपूर्वीची आई त्या क्षणी आमच्या वर्गात येऊन बसली होती, एवढं खरं.

गाव ओस का पडलं?

आता मुख्य प्रश्न. साधारण इसवी सनापूर्वी १००० च्या सुमाराला जोर्वे लोकांची बहुतेक गावं ओस पडली. इनामगाव त्यानंतरही टिकून राहिलं, पण त्याची रया गेली. मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. गहू कमी झाला. शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवर भर वाढला. आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराला तेही गाव सुटलं. पुढे तिथे नुसती पांढरी उरली.

असं का झालं? डॉ. ढवळीकरांनी उत्तर मांडलं: हवामान बदललं, पाऊस कमी झाला, शेती पिकेना, म्हणून लोक पांगले. आपल्याला हे लगेच पटतं. येवला तालुक्यातल्या मुलांना अवर्षण समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगेत उभं राहिलेली मुलं माझ्या वर्गात आहेत.

पण गोष्ट इथे संपत नाही. इनामगावचे सांगाडे, अगदी त्या मडक्यांतल्या बाळांचीही हाडं, डेक्कन कॉलेजनं चिठ्ठ्या लावून जपून ठेवली होती. डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतले जॉन लुकाक्स यांनी त्यांचा बारकाईनं अभ्यास केला. तुम्हाला माहीत आहे का, लहानपणी मोठं आजारपण किंवा उपासमार झाली तर दातांवर तिची खूण उरते? दात म्हणजे आपली दैनंदिनीच! पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकी संशोधक बाईंनी ती बाळांची हाडं पुन्हा तपासली. मुलांची वाढ कशी होत होती, ते पाहिलं. हवामानाबद्दल तोवर जी नवी माहिती मिळाली होती, ती शेजारी ठेवली. आणि २०११ साली एक पुस्तक लिहून म्हटलं की, नुसतं "हवामान बदललं म्हणून गावं उठली" एवढं उत्तर पुरेसं नाही. माणूस आणि त्याच्या भोवतालची जमीन, पाणी यांचं नातं त्याहून गुंतागुंतीचं आहे.

लगेच शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "म्हणजे आधीचे सर चुकले का?"

नाही रे राजा. आधीच्या सरांनी हाडं फेकून दिली असती तर नंतरच्या बाईंनी तपासलं काय असतं? त्यांनी थरांची नोंद केली नसती, तर कुठलं बाळ कुठल्या काळातलं, हे कळलं असतं का? पहिल्यांनी उत्तर दिलं आणि त्याबरोबर पुरावाही जपून ठेवला. म्हणूनच दुसऱ्यांना तोच प्रश्न पुन्हा विचारता आला. उद्या तुमच्यापैकी कुणी तिसरं उत्तर आणेल. यालाच तर संशोधन म्हणतात!

याच डेक्कन कॉलेजात आणखी एक काम चाललं आहे, त्यात मातीचा कणही नाही. तिथे संस्कृत भाषेचा एक प्रचंड कोश तयार होतो आहे. कोणता शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या अर्थानं आला, याच्या चिठ्ठ्या काढायला डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली सुरुवात केली. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून काढले गेले, तेव्हा कुठे १९७६ साली कोशाचा पहिला खंड निघाला. काम अजून चालूच आहे. ज्यांनी पहिल्या चिठ्ठ्या लिहिल्या, त्यांना ठाऊक होतं की कोश पूर्ण झालेला आपण पाहणार नाही. तरी त्यांनी चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात लिहिल्या, कारण पुढच्याला त्या वाचता यायला हव्या होत्या. मुलांनो, माती असो की शब्द, रीत एकच.

माझी एक चूक

आता एक कबुली देते. मागे एका चाचणीत मी प्रश्न घातला होता: 'गावातल्या विहिरी का आटतात?' अपेक्षित उत्तर होतं, 'पाऊस कमी पडल्यामुळे'. एका मुलानं लिहिलं, "आधी एक बोअर होता, मग सगळ्यांनी बोअर घेतले, म्हणून आमची विहीर आटली." पुस्तकातलं उत्तर नव्हतं, म्हणून मी लाल पेननं फुली मारली आणि पुढची वही घेतली.

इनामगावची ही दुसरी बाजू वाचली त्या रात्री मला ती फुली आठवली. त्या मुलानं आपल्या घरची विहीर पाहिली होती. पुरावा त्याच्याकडे होता, पुस्तक माझ्याकडे होतं. आणि मी पुस्तकाला गुण दिले!

दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावलं. म्हटलं, "तुझं उत्तर विचार करण्यासारखं होतं. मी घाईनं फुली मारली. माझं चुकलं." तो लाजला. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाला, "बाई, पाऊसपण कमीच झाला होता."

पाहिलंत? माझ्यापेक्षा तोच पक्का संशोधक निघाला. आपल्या उत्तराला गुण मिळत असतानाही त्यानं दुसरी बाजू सोडली नाही.

करून पाहा

१. घरातल्या मोठ्यांच्या मदतीनं मूठभर गहू तव्यावर अगदी काळे कोळसा होईपर्यंत भाजा. गार झाल्यावर ते चुरू न देता कोरड्या मातीत मिसळा. ती माती बादलीभर पाण्यात सोडून हळू ढवळा. माती तळाला जाते आणि जळालेले बरेचसे दाणे वर तरंगतात. उत्खननात मातीतून दाणे वेगळे करण्याची हीच युक्ती आहे. ते दाणे जळाले म्हणूनच हजारो वर्षं कुजले नाहीत!

२. आपल्या गावातल्या एका विहिरीची वही करा. तिला पूर्वी किती पाणी असायचं, ते कधी कमी झालं, का झालं, हे निदान तीन म्हाताऱ्या माणसांना विचारा. तिघांची उत्तरं वेगळी आली तर खोडू नका. तिन्ही लिहा. कुणी सांगितलं आणि कोणत्या तारखेला, तेही लिहा.

३. गावाबाहेर कुठे रंगीत खापरं दिसली तर पाहा, जागा लिहून ठेवा, गुरुजींना किंवा बाईंना सांगा. त्यांच्यामार्फत पुरातत्त्व विभागाला कळवता येईल. मात्र स्वतः उकरू नका! एकदा थर मोडला की तो पुन्हा लावता येत नाही.

पालकांसाठी दोन शब्द

मूल "का?" म्हणून विचारतं तेव्हा आपल्याला पोळ्या लाटायच्या असतात, कामावर जायचं असतं. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही, आणि ते यायलाच हवं असंही नाही. "मला माहीत नाही, आपण कुणाला तरी विचारू" एवढं म्हटलं तरी पुष्कळ. आणि तिसरीतल्या मुलानं केलेली विहिरीची वही रद्दीत घालू नका. कोण जाणे, पुढे कुणाला तरी ती लागेल.

तर शेवटच्या बाकावरच्या दोस्ता, इतिहास होऊन गेलेला असतो हे तुझं म्हणणं खरं. पण तो आपल्याला कळून गेलेला नसतो. तो अजून पांढरीच्या पोटात आहे, दातांच्या रेघेत आहे, आणि तुझ्या आजीच्या आठवणीतही आहे. तिला आज रात्री जेवताना विचार.

तुमच्या विहिरींच्या वह्यांची मी वाट पाहते. भेटू पुढच्या अंकात!

तुमची,
बाई
येवला